डॅन्यूबची प्रदक्षिणा : बुडापेस्ट पायी आणि ट्रामने

आई-बाबा पहिल्यांदा बुडापेस्टला आले तेव्हा बाबांनी डायरीत सतरा ठिकाणं लिहून आणली होती. क्रमवार, वेळेसकट. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही सहाव्या ठिकाणी होतो, आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि बाबा डायरीतून डोकं वर काढून म्हणाले, "अगं, नदी कधी बघायची?" सकाळपासून तीनदा नदी ओलांडली होती आम्ही. त्यातली दोनदा जमिनीखालून, मेट्रोने.

मग मी डायरी पिशवीत टाकली आणि तिसऱ्या दिवशी दोघांना वेगळ्याच वाटेने नेलं. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तीच फेरी घडवते. पूर्वेच्या काठाने ट्रामने खाली जायचं, पूल पायी ओलांडायचा, पश्चिमेच्या काठाने वर यायचं आणि दुसऱ्या पुलावरून जिथून निघालो तिथे परत. आईच्या लक्षात आलं ते माझ्या कधीच आलं नव्हतं : या सगळ्या वाटेत नदी कायम उजव्या हाताला राहते. "म्हणजे प्रदक्षिणाच की," ती म्हणाली. न उतरता केली तर तासाभरात होईल, पण तशी करू नका. अख्खा दिवस द्या.

आधी नकाशा डोक्यात बसवा

डॅन्यूब, स्थानिक भाषेत 'दुना', शहरातून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पश्चिमेला बुडा : टेकड्या, किल्ला, चढउतार. पूर्वेला पेश्त : सपाट, रुंद रस्ते, बाजार, पार्लमेंट. बुडा, ओबुडा आणि पेश्त ही वेगवेगळी गावं १८७३ मध्ये एक झाली. रस्ता चुकलात तर एवढंच बघा, टेकडी कुठे दिसते? तिकडे बुडा. उतार लागला की नदी जवळ आली.

मध्यवर्ती भागातले पूल उत्तरेकडून मोजायचे : मार्गारेट, साखळी पूल, एलिझाबेथ, स्वातंत्र्य पूल (हिरवा), पेतोफी. आपल्या प्रदक्षिणेत पहिला आणि चौथा लागतो. साखळी पूल संध्याकाळसाठी राखून ठेवायचा.

पाट्या वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे

हंगेरियन भाषा बघूनच लोक हात टेकतात. समजत नाही हे खरं, पण वाचता येते, आणि मराठी माणसाला तर चांगलीच येते. एकटा 'एस' म्हणजे श, 'एस-झेड' म्हणजे स. म्हणून शहराचं नाव इथे बुडापेश्त. 'जे' म्हणजे य. आणि आपली खास सोय अशी की 'सी' म्हणजे 'चमचा'मधला च, आणि 'सी-एस' म्हणजे 'चहा'मधला च. हे दोन च वेगळे कसे, ते कुणी समजावून सांगायला नको. आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेत.

चौकाला 'तेर', पुलाला 'हीद', रस्त्याला 'उत्सॉ'. ट्राममध्ये थांब्याचं नाव घेऊन मागाहून 'क्योवेत्केझिक' असं ऐकू येतं, म्हणजे 'पुढचा थांबा हा'. आडनाव आधी, नाव नंतर, ही इथली पद्धत. ती इतकी पक्की की साखळी पुलाचं काम उभं करणारा स्कॉटिश इंजिनिअर ॲडम क्लार्क इथे चौकाच्या पाटीवर 'क्लार्क आदाम' झालाय. आणि निरोप घेताना कुणी 'हॅलो' म्हटलं तर गोंधळू नका. इथे येताना आणि जाताना दोन्ही वेळा चालतं ते.

तिकीट : इथे घाई करू नका

आपल्यातल्या बहुतेकांचा ट्रामशी संबंधच आलेला नाही. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, त्यानंतर ती आजी-आजोबांच्या गोष्टींत राहिली. त्यामुळे थोडं सविस्तर सांगते.

ट्राममध्ये कंडक्टर नसतो. तिकीट आधी घ्यायचं, थांब्याजवळच्या जांभळ्या यंत्रातून किंवा बुडापेस्टगो या ॲपवर. यंत्र इंग्रजीत बोलतं, कार्ड घेतं. पण एकेरी तिकीट घेतलं म्हणजे काम झालं असं नाही. ट्राममध्ये चढल्याबरोबर ते दांडीवरच्या छोट्या यंत्रात पंच करायचं. ॲपवरचं एकेरी तिकीट असेल तर दारापाशी चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा. पहिल्याच आठवड्यात मी तिकीट घेऊन, नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं होतं, कोरं करकरीत. तिसऱ्या थांब्यावर तपासनीस चढला. मी मोठ्या अभिमानाने तिकीट पुढे केलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दंडाचं पुस्तक काढलं. चूक शंभर टक्के माझी होती, पण तो दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही.

या फेरीसाठी एकेरी तिकीट घेऊच नका. ट्राम बदलली की साधं एकेरी तिकीट संपतं, आणि आपण दिवसभर चढणार-उतरणार. चोवीस तासांचा पास घ्या. दोन-तीन दिवस राहणार असाल तर बहात्तर तासांचा. तो ट्राम, बस, मेट्रो सगळीकडे चालतो आणि दर वेळी काही पंच करावं लागत नाही. चार-पाच जण असाल आणि दिवसभर एकत्रच फिरणार असाल तर चोवीस तासांचा गटाचा पास स्वस्त पडतो.

दोन गोष्टी पाहुण्यांना हमखास माहीत नसतात. विमानतळावरून थेट शहराच्या मध्यात देआक चौकात येणारी १००ई बस वेगळ्या, महाग तिकिटाची आहे, नेहमीचा पास तिच्यात चालत नाही. पास वापरायचा तर २००ई बस घेऊन पुढे तीन नंबरची मेट्रो. दुसरी : ६५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट असं कुठेतरी वाचून लोक येतात. ती सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे. आपल्या आजी-आजोबांना पास काढावा लागतो.

पैसे इथे फोरिंट. युरो सोबत असले तरी फोरिंटमध्येच द्या, आणि कार्डयंत्राने विचारलं 'रुपयांत की फोरिंटमध्ये', तर फोरिंट. रुपये म्हटलंत की दर त्यांच्या मनचा लागतो.

टप्पा पहिला : २ नंबरची ट्राम

सुरुवात मार्गारेट पुलाच्या पेश्तकडच्या टोकाला, यासॉई मॉरी चौकात. २ नंबरची ट्राम इथूनच सुटते, म्हणून जागा मिळते. उजवीकडची खिडकी धरा. या मार्गावर गांझ कारखान्याच्या जुन्या पिवळ्या ट्रामा धावतात. लाकडी-लोखंडी आवाज, वळणावर कुरकुर, एसी नाही. उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून बसायचं. दार आपोआप उघडलं नाही तर दारावरचं बटण दाबा, वाट बघत उभे राहू नका.

पहिल्याच दोन-तीन मिनिटांत पार्लमेंट. इम्रे श्टाइंडल या वास्तुविशारदाची ही इमारत २६८ मीटर लांब आहे, आणि घुमट ९६ मीटर उंच. आकडा मुद्दाम निवडलेला : मॉद्यॉर, म्हणजे हंगेरियन, लोक या खोऱ्यात आले ते ८९६ साल मानतात, आणि १८९६ मध्ये त्याची सहस्राब्दी साजरी झाली. सेंट स्टीफनच्या चर्चची उंचीही ९६ मीटरच. इथे उतरून चौकात एक चक्कर मारा. आत जायचं असेल तर तिकीट बरेच दिवस आधी ऑनलाइन काढा. आयत्या वेळी मिळेल या आशेवर राहू नका. मला विचाराल तर ही इमारत आतून बघण्यापेक्षा समोरच्या काठावरून बघावी. तिथे आपण दुपारी पोचणारच आहोत.

पार्लमेंटपासून दक्षिणेकडे, पाण्याच्या अगदी कडेला पाच मिनिटं चालत जा. दगडी काठावर लोखंडी बूट दिसतील, साठ जोड. पुरुषांचे, उंच टाचांचे, आणि काही लहान मुलांचे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात इथल्या फॅसिस्ट 'बाणक्रॉस' टोळ्यांनी ज्यूंना या काठावर उभं करून गोळ्या घातल्या आणि प्रेतं नदीत गेली. त्याआधी बूट काढायला लावले. बुटांना बाजारात किंमत होती. जॉन तोगाय आणि द्यूलॉ पॉउएर यांनी २००५ मध्ये हे स्मारक केलं. लोक बुटांमध्ये फुलं ठेवून जातात, मेणबत्त्या, कधी एखादा गोटा. आई एका छोट्या बुटापाशी बराच वेळ उभी होती. इथे पाय बुटात घालून फोटो काढणारे लोकही दिसतात. काही बोलू नका, पुढे चला.

पुन्हा २ नंबर. साखळी पुलाच्या टोकाखालून ट्राम बुडी मारून पलीकडे निघते. नदीला पूर आला की आधी हाच भाग बंद होतो. जून २०१३ मध्ये पाणी ८९१ सेंटिमीटरपर्यंत चढलं, तो इथला विक्रम. पुढे विगॉदो चौकापाशी कठड्यावर मुकुट घातलेल्या एका मुलीचा छोटासा ब्राँझचा पुतळा बसलाय. तिच्या गुडघ्यांना हात लावला तर नशीब उघडतं म्हणे, त्यामुळे ते घासून सोन्यासारखे झालेत. आईने हात लावला. "नशीब राहू दे, निदान गुडघे तरी," म्हणाली.

फोवाम चौकात उतरा.

टप्पा दुसरा : बाजार, पोटपूजा, हिरवा पूल

समोरच रंगीत कौलांचा मोठा बाजार आहे, १८९७ चा. तळमजल्यावर भाज्या, फळं, मांस, आणि माळा करून टांगलेल्या लाल मिरच्या. मिरचीला इथे पॉप्रिकॉ म्हणतात. तिखट हवी तर 'चिप्योश' मागा, पण आपल्या लवंगीच्या मानाने ती अगदी गरीब आहे. पावडर घ्यायची तर वरच्या मजल्यावरच्या शोभेच्या पिशव्या सोडून खालच्या साध्या दुकानातून घ्या. रविवारी जाणार असाल तर वेळ आधी बघून घ्या.

शाकाहारी लोकांनी एक वाक्य पाठ करावं : 'हूश नेल्क्युल', मांसाशिवाय. लांगोश मिळतो : आंबवलेल्या पिठाची तळलेली मोठी पोळी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. आपल्या भटुऱ्याचा धिप्पाड भाऊ. एकात दोघांचं भागतं. पण मी पाहुण्यांना आवर्जून खायला घालते ते फोझेलेक, साध्या खानावळीत मिळणारं. पालकाचं फोझेलेक आईने एक घास खाल्लं आणि चमचा खाली ठेवून म्हणाली, "अरे, ही तर पालकाची पातळ भाजी! फक्त चिंचगूळ विसरलेत." पीठ लावून दाट केलेली, लसणाची, बरोबर पाव. भोपळ्याचं, वाटाण्याचं, मसुराचंही करतात. मात्र काही ठिकाणी डुकराची चरबी वापरतात, वर सॉसेजही ठेवतात, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

बाजारासमोरच हिरवा स्वातंत्र्य पूल. हा ट्रामने ओलांडायचा मोह होईल, ४७ आणि ४९ नंबर जातात वरून. पण चालत जा, ३३३ मीटर तर आहे. १८९६ मध्ये सम्राट फ्रांझ योजेफच्या हस्ते उद्‌घाटन झालं तेव्हा पुलाला त्याचंच नाव होतं. वर चार टोकांवर सोनेरी गोळ्यांवर पंख पसरलेले पक्षी आहेत. तो तुरुल, मॉद्यॉर लोकांच्या दंतकथेतला ससाणा. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले पूल उडवले, त्यातून पहिल्यांदा उभा राहिला तो हाच, १९४६ मध्ये. २०१६ च्या उन्हाळ्यात दुरुस्तीच्या कामामुळे पुलावरची वाहतूक बंद होती, तर लोकांनी रुळांवर चटया टाकून सहली केल्या. आजही उन्हाळ्याच्या संध्याकाळी पोरं लोखंडी तुळयांवर चढून बसलेली असतात. तुम्ही चढू नका. उजव्या बाजूच्या पदपथावर, मधोमध थांबा. उत्तरेकडे एका ओळीत पांढरा एलिझाबेथ पूल, त्यामागे साखळी पूल, डावीकडे किल्ला.

टप्पा तिसरा : बुडाचा काठ

पूल संपतो तो गेल्लेर्त टेकडीच्या पायथ्याशी. चढायला जिने आहेत, वरून दृश्य फार सुंदर आहे, आणि गुडघे धड असतील तर तासभर काढा. १०४६ मध्ये गेल्लेर्त नावाच्या बिशपला याच टेकडीवरून खाली लोटून मारलं, त्यावरून नाव. आम्ही दोन्ही वेळा खालूनच नमस्कार केला.

इथून १९ किंवा ४१ नंबरची ट्राम, उत्तरेकडे जाणारी. पुन्हा उजवी खिडकी. पहिलाच थांबा रुदॉश स्नानगृहाचा. तुर्कांनी सोळाव्या शतकात बांधलेला अष्टकोनी कुंड आणि वर घुमट, छोट्या रंगीत काचांतून उजेडाचे झोत पाण्यात उतरतात. गरम पाणी जमिनीतूनच येतं. जाणार असाल तर पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि सपाता घेऊन जा. सपातांना इथे 'पॉपुच' म्हणतात. हा शब्द मूळ फारसी 'पापोश', तुर्कांबरोबर हंगेरीत आला, आणि तोच फारसीतून मराठीत येऊन पायपोस झाला. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही म्हणतो ना आपण, तो इथपर्यंत पोचला होता.

पुढे वारकेर्त बॉझार हा थांबा लक्षात ठेवा. किल्ल्यावर जायला रांग लावून छोट्या केबल रेल्वेत बसतात सगळे. १८७० ची आहे, गोड आहे, पण पास तिच्यात चालत नाही आणि प्रवास दोन मिनिटांत संपतो. वारकेर्त बॉझारमधून मात्र फुकट सरकते जिने आहेत, ते राजवाड्याच्या दक्षिण टोकाला नेऊन सोडतात. नाहीतर क्लार्क आदाम चौकातून १६ नंबरची बस थेट वर जाते. आईसाठी तीच बरी पडली.

वर मच्छीमारांचा बुरूज. नाव बुरूज असलं तरी इथून कधी लढाई झाली नाही. १८९५ ते १९०२ च्या दरम्यान फ्रिद्येश शुलेक यांनी केवळ शोभेसाठी बांधला. सात मनोरे म्हणजे मॉद्यॉरांचे सात सरदार. वरच्या गच्चीला तिकीट लागतं, पण खालच्या कमानींतून दिसणारं दृश्य तेच आहे, फुकट. सकाळी आठच्या आत किंवा अगदी संध्याकाळी जा, मधल्या वेळात सेल्फीवाल्यांचे कोपर लागतात.

खाली येऊन ट्रामने बॉत्यान्यी चौक. मघाशी म्हटलं ना, पार्लमेंट समोरच्या काठावरून बघावं, ते इथून. चौकातून काठावर या, पायऱ्यांवर बसा. दुपार कलल्यावर ऊन थेट त्या इमारतीवर पडतं. बाबांनी इथे पिशवीतून डायरी मागितली, मला वाटलं आता परत यादी काढणार. त्यांनी पार्लमेंटचे मनोरे मोजले आणि लिहून ठेवले. जाता जाता, चित्रकार अमृता शेरगिलचा जन्म याच शहरातला, १९१३ चा. आई हंगेरियन, वडील पंजाबचे.

टप्पा चौथा : वाकडा पूल

त्याच ट्रामने आणखी दोन थांबे, मार्गारेट पुलाचं बुडाकडचं टोक. हा पूल मधोमध वाकलेला आहे, कारण बेटाच्या टोकाशी नदीचे दोन फाटे एकत्र येतात आणि पुलाच्या दोन्ही बाजू आपापल्या फाट्याला काटकोनात आहेत. वाकण जिथे आहे तिथूनच मार्गारेट बेटाकडे वाट फुटते. बेट अडीच किलोमीटर लांब, जवळपास मोटारमुक्त, झाडंच झाडं. पायांत जीव असेल तर जा, नसेल तर ४ किंवा ६ नंबरच्या लांबलचक ट्रामने सरळ पूल ओलांडा. दोन थांब्यांनी यासॉई मॉरी चौक. प्रदक्षिणा पूर्ण.

आणि अंधार पडल्यावर

साखळी पूल दिवे लागल्यावर पायी ओलांडायचा, बुडाकडून पेश्तकडे. १८२० च्या डिसेंबरात वडील वारल्यामुळे इश्तवान सेचेन्यी या सरदाराला नदी ओलांडायची होती, पण बर्फामुळे आठवडाभर पेश्तला अडकून पडावं लागलं. पुढे त्याने पुलाचा ध्यास घेतला, आणि १८४९ मध्ये बुडा-पेश्त जोडणारा पहिला कायमचा पूल खुला झाला. नव्या डागडुजीनंतर खासगी मोटारी बंद आहेत, त्यामुळे चालायला शांत वाटतं. टोकांवरच्या सिंहांना जीभ नाही असं गावभर सांगतात. जीभ आहे, फक्त खालून दिसत नाही. बुडाच्या टोकाला पुलासमोरच डोंगरातून बोगदा जातो, आणि इथले लोक पाहुण्यांना गंभीर चेहऱ्याने सांगतात की पाऊस आला की पूल त्या बोगद्यात ढकलून ठेवतात, गंजू नये म्हणून. बाबा क्षणभर खरंच विचारात पडले होते.

जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो, तेव्हा दिवे बघायचे तर रात्रीचं जेवण उरकून निघा. डिसेंबरात चारच्या सुमारालाच सूर्य मावळतो, त्यामुळे फेरी सकाळी आठला सुरू करा आणि हातमोजे विसरू नका. नदीवरचा वारा कानांतून आत शिरतो. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटली घरूनच भरा. बूट मळलेले चालतील, नवे नकोत, किल्ल्यावर दगडी फरसबंदी आहे.

परतायला उशीर झालाच तर ६ नंबरची ट्राम रात्रभर चालू असते. शनिवारी रात्री एक वाजता ती दुपारपेक्षा जास्त भरलेली असते, गाणाऱ्या पोरापोरींनी. त्यातल्याच एकाने आईला पाहिलं आणि गाणं न थांबवता उठून जागा दिली.